आतोबा आणि आत्याची गोळी

बायकोच्या तोंडाला घाबरणारे नवरे पैशाला पासरी मिळतील, पण बायकोचं तोंड मध्येच बंद पडेल या धास्तीनं घटकेघटकेला उठून चष्मा कपाळावरून नाकावर घेणारा नवरा त्रिखंडात एकच आहे आणि तो माझ्या आत्याच्या वाट्याला आला आहे. मी आमच्या आतोबांबद्दल बोलतेय. आत्याचं बोलणं गेली काही वर्षं बॅटरीवर चालतं. हे मी चेष्टेनं म्हणत नाही, अक्षरशः चालतं. अर्धांगाचा झटका आला तेव्हा तिचा उजवा हात गेला आणि वाचा गेली. बाकी समज, हट्ट, आणि नुसत्या वासावरून शेजारच्या भाजीतलं मीठ ओळखणं, हे सगळं जागच्या जागी राहिलं. तेव्हापासून ती डाव्या हाताच्या बोटानं टॅबवरची चित्रं दाबते आणि टॅब तिच्या वतीनं बोलतो. बॅटरी उतरली की आत्या मुकी. ती उतरू द्यायची नाही, हे आतोबांनी उरलेल्या आयुष्याचं एकमेव काम म्हणून अंगावर घेतलं आहे, आणि ते काम ते अशा काही थाटात करतात की गल्लीतल्या लोकांना हसावं का हात जोडावेत ते कळत नाही. मी दोन्ही करते.

यातली गंमत कळायला ही दोघं आधी कशी होती ते सांगायला हवं. आत्या बोलायची म्हणजे काय बोलायची! सिडकोतल्या त्यांच्या रो-हाऊसच्या ओट्यावर ती मेथी निवडायला बसली की मागच्या गल्लीतल्या बायका आपापल्या स्वयंपाकघरातून हुंकार भरायच्या. दूधवाल्यापासून नगरसेवकापर्यंत कुणाची म्हणून तिनं गय केली नाही. आणि आतोबांकडं घरात वापरायला तीनच शब्द होते: ‘व्हय’, ‘नाय’ आणि ‘बघू’. त्यातला तिसरा शब्द ते बहुतेक वेळा पहिल्या दोन्हींच्या जागी वापरत. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांची सारी नोकरी गेली. तिथं माल उचलायच्या गाड्या बॅटरीवर चालत आणि त्या बॅटऱ्यांच्या खोलीचे आतोबा राखणदार होते. ट्रंकेएवढाल्या बॅटऱ्या रांगेनं चार्जिंगला लावायच्या, त्यातलं पाणी कमी झालं की घालायचं, टोकांवर चढलेली पांढरी भुकटी पुसायची. शिफ्टच्या बसमधून उतरायचे तेच डोळे अर्धे मिटलेले घेऊन. मग हातपाय धुणं, जेवण, आणि जेवतानाच डुलकी. आम्ही भाचरं सुट्टीत राहायला गेलो की रोज एकच देखावा असायचा. आत्या बोलतेय, आतोबा भिंतीला पाठ टेकून बसलेत, आणि त्यांची नजर कुठल्यातरी लांबच्या, धुक्यातल्या गावाकडं लागलेली आहे. एकदा भर पाहुण्यांत आत्यानं विचारलं, “अहो, मघाधरनं काय सांगायलेय मी?” आतोबा दचकून म्हणाले, “बघू.” त्यावर आत्या जी सुटली ती पाहुणे चपला घालेपर्यंत थांबली नाही.

अशा बाईची वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा ते घर माझ्यानं ओळखवेना. तेच दार, तोच ओटा, तीच कडुलिंबाची सावली, पण सगळं पाण्याखाली गेल्यासारखं गप्प. आतोबा खोलीतून स्वयंपाकघरात जायचे, तिथून परत खोलीत यायचे, आणि काहीतरी हरवल्यासारखे मध्येच उभे राहायचे. मग वाचा शिकवणाऱ्या बाई आल्या. चांगल्या होत्या, हसतमुख होत्या. त्यांनी आत्याला तपासलं आणि आतोबांना म्हणाल्या, “काका, आता यांच्यासाठी एक टॅबलेट घ्या.”

आतोबांनी मान डोलावली. “जेवणाआधी का जेवण झाल्यावर?”

“दिवसभर,” बाई म्हणाल्या. “सारखी हाताशीच लागेल.”

“दिवसभर?” आतोबांचा चेहरा उतरला. “लई गरम पडंल की हो तिला.”

खाटेवर पडल्या पडल्या आत्याचे खांदे हलायला लागले. आजारी पडल्यानंतर ती हसलेली मी पहिल्यांदा पाहिली, आणि त्या दिवसापासून त्या घरात टॅबचं नाव गोळी पडलं ते पडलंच. हे नाव घरातल्यांना सोयीचं आहे, बाहेरच्यांचे मात्र हाल होतात. देवगाव रंगारीहून आतोबांचे चुलतभाऊ भेटायला आले होते. वहिनीची चौकशी करताना आतोबांनी सांगितलं, “आत्ता बोलणार नाय ती. गोळी चार्जिंगला लावलीय. जरा चढली की देतो.” चुलतभाऊ चहा न पिताच उठले. शहरात आता औषधाच्या गोळ्यासुद्धा आधी करंटवर लावून मग देतात, ही बातमी त्यांनी गावात पोचवली, आणि तिथले काही लोक आजही ती खरी मानतात म्हणे.

सुरुवातीला गोळीतून एक तयार बाई बोलायची. आत्यानं पाण्याचं चित्र दाबलं की ती म्हणायची, “कृपया मला पाणी द्याल का?” एवढं स्वच्छ, एवढं अदबशीर मराठी त्या भिंतींनी कधी ऐकलं नव्हतं. आतोबा घरात बनियनवर असायचे. त्या बाईचा आवाज आला की ते आधी लगबगीनं खुंटीवरचा सदरा अंगात घालायचे, मग पाणी आणायचे. दिवसातून वीसदा सदरा घालून आणि काढून माणूस दमला. शेवटी मला म्हणाले, “पोरी, ही पुण्याची बाई काढ घरातनं. परक्या बाईपुढं किती वेळ बसायचं?” वाचा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की गोळीत आपल्या माणसाचा आवाज भरता येतो, आपले फोटो घालता येतात. आता माझा आवाज म्हणजे थेट आत्याचा आवाज. लग्नाआधी फोन मी उचलला की माझे वडीलसुद्धा “ताई, कधी आलीस?” म्हणायचे. तेव्हा मीच बसले एका दुपारी खाटेच्या कडेला.

ती दुपार मला अजून आठवते. बाहेर कडुलिंबाची पानं सावकाश गळत होती, आतोबा दारात उभे होते, आणि आत्या एकेका वाक्याची अशी परीक्षा घेत होती की मला शाळेतली तोंडी परीक्षा आठवली. मी म्हटलं, “चहा हवा.” तिनं डावा हात झटकला. मी म्हटलं, “चहा टाका.” पुन्हा हात झटकला. मी जरा आठवून तिच्याच ठसक्यात म्हटलं, “च्या टाकता का मीच उठू?” तेव्हा तिनं डोळे मिटून मान डोलावली. मग ‘जेवला का?’ झालं, ‘पंखा लावा’ झालं, ‘कोण आलंय?’ झालं. दारातून आतोबा म्हणाले, “बोलणी पण भर तिच्यात.”

“कुठली बोलणी, आतोबा?”

“मला बसायची ती.”

म्हणून मी ‘कुठं लक्ष हाय तुमचं?’ भरलं. ‘कामून उघडे बसले?’ भरलं. ‘तुम्हाला सांगून काय उपयोग?’ हे तर मला तीनदा म्हणावं लागलं, कारण पहिल्या दोन वेळा त्यात आत्याला हवा तेवढा वैताग उतरला नव्हता. सगळं संपत आलं तेव्हा तिनं बोट केलं ते खाटेशेजारच्या लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीकडं. पाहुण्यांसाठी ठेवलेली ती खुर्ची एरवी रिकामीच असायची. मी खुर्चीचा फोटो काढला आणि म्हटलं, “बसा इथं.” हे तिला एका दमात पसंत पडलं. पण पुढं ते चित्र ती क्वचितच दाबायची, कारण दाबून उपयोग नसे. आतोबा बसत नसत. त्यांचं लक्ष चार्जरवर असे.

चार्जर आणि आतोबा हा एक वेगळा अध्याय आहे. आयुष्यभर बॅटऱ्या सांभाळलेला माणूस, त्याला कोण काय शिकवणार? त्यांचं शास्त्र ठरलेलं होतं. “बॅटरी म्हंजे म्हैस,” ते मला म्हणाले. “गव्हाण रिकामी ठेवली की आटली.” कारखान्यातल्या पाण्याच्या बॅटऱ्यांना ते लागू असेलही. आतोबांनी तेच गोळीला लावलं. गोळी सदोदित भरलेली हवी, म्हणून रात्रंदिवस वायरला बांधलेली. वायर आखूड, म्हणून आत्याची खाट उचलून भिंतीशी आणली. आठवड्यातून एकदा ते गोळी उलटीपालटी करून, डोळ्यांजवळ नेऊन तपासायचे. काय शोधताय विचारलं तर म्हणायचे, “पाणी कुठून घालायचं ते ठेवायचं इसरले वाटतं कंपनीवाले.” गोळी हाताला गरम लागायची. आतोबांना त्याचंही कौतुक, अंगात ऊब आहे म्हणजे जीव आहे. एके दिवशी मी गेले तर गोळीची काच एका कोपऱ्यातून उचललेली आणि पाठ चांगली टरारून आलेली. मी घाबरून म्हटलं, “आतोबा, हे काय?” ते वाकून प्रेमानं बघत म्हणाले, “जरा बाळसं धरलंय.”

त्या बाळशाला घेऊन आम्ही पैठणगेटला गेलो. तिथल्या मोबाईलच्या दुकानांच्या रांगेत एका करड्या दाढीच्या दुरुस्तीवाल्यानं गोळी हातात घेतली, आतोबांकडं पाहिलं आणि विचारलं, “चाचा, इसकू रात-दिन लगाके रखे क्या?”

“व्हय,” आतोबा अभिमानानं म्हणाले.

“तो फूलेगीच ना चाचा. तुमकू कोई रात-दिन खिलाया तो तुम क्या करते?”

आतोबांनी या प्रश्नावर बराच विचार केला आणि म्हणाले, “बघू.”

दुरुस्तीवाला मोठ्यानं हसला, पण माणूस प्रेमळ होता. ही पाण्याच्या बॅटरीची जात नव्हे, हिचा स्वभाव उलटा, हे त्यानं नीट समजावून सांगितलं. “बीस के नीचे उतारो नक्को, अस्सी के ऊपर चढाओ नक्को, और गर्मी से बचाओ. बस.” नवी बॅटरी बाहेरून मागवावी लागणार होती, तोवर गोळी त्याच्याकडंच राहणार होती. परत येताना रिक्षात, घर जवळ आल्यावर आतोबा म्हणाले, “मीच मारली म्हणायची तिला.” गोळीला म्हणत होते का आणखी कशाला, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

मधले दिवस कसे गेले ते मला एका फोनमुळं कळलं. आतोबांनी जन्मात कुणाला आपणहून फोन केला नव्हता. मी ऑफिसात होते, दुपारची वेळ होती. फोन उचलला आणि त्यांचा आवाज आला, “पोरी, ‘जेवला का’ म्हण.”

“काय म्हणू?”

“नुसतं म्हण. ती कवाधरनं माझ्या तोंडाकडं बघायलीय. तिला इचारायचंय. तू इचार.”

आजूबाजूला चार माणसं कामं करत होती. मी खिडकीकडं तोंड केलं आणि आत्याच्या ठसक्यात विचारलं, “जेवला का?”

“व्हय. जेवलो,” आतोबा म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते. मग जरा वेळानं, अगदी हळू, “तू?” आणि फोन बंद झाला. त्या दिवशी माझ्या हातून धड काम झालं नाही. खिडकीतून मी बघत बसले आणि मला राहून राहून वाटत होतं की त्या घरातून दोघांमधलं काहीतरी उचलून पैठणगेटला एका काचेच्या पेटीत ठेवलंय.

नव्या बॅटरीची गोळी घरी आली आणि आतोबांनी धर्म बदलला. नवा मुसलमान नमाज जास्त पढतो म्हणतात, तसं झालं. वीस आणि ऐंशी हे दोन आकडे त्यांच्या जिभेवर रामनामासारखे बसले. ऐंशी झाले की गोळी वायरवरून काढायची म्हणजे काढायचीच. त्यासाठी ते न्हाणीघरातून अंगाला साबण असताना धावत आलेले आहेत आणि गॅसवरचं दूध त्यांनी अनेकदा अग्नीला अर्पण केलं आहे. “भूक ठेवून उठावं,” ते सांगायचे, “माणसानं बी आन् बॅटरीनं बी.” उन्हाळ्यात गोळीचा मुक्काम माठाच्या शेजारी, अंगावर धुतलेला रुमाल. कूलरचं तोंड गोळीकडं. आत्याला वारा लागायचा तो गोळीला लागून उरलेला. कुणी पाहुणा चुकून त्या वाऱ्यात बसला तर आतोबा नम्रपणे म्हणायचे, “जरा सरकता का? तिथं गोळी असती.” मी एकदा पॉवर बँक आणून दिली, तर त्यांनी ती अशी दोन बोटांत धरली की मलाच ओशाळल्यासारखं झालं. “दुसऱ्या बॅटरीचं उष्टं हिला कामून द्यायचं?” म्हणाले. बॅटरी वाचावी म्हणून काचेचा उजेड त्यांनी इतका कमी केला की आत्या पंख्यासाठी बोट लावायची आणि गोळी विचारायची, “कोण आलंय?” मग आतोबा दार उघडून बघून यायचे.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण हळूहळू आतोबांना वाटायला लागलं की बॅटरी नुसती नीट भरून भागत नाही, ती खर्चही बेतानं व्हायला हवी. बॅटरी कशानं खर्च होते? आत्याच्या बोलण्यानं. “थोडक्यात बोल,” ते तिला सांगायला लागले. ज्या बाईला थोडक्यात हा शब्द उभ्या जन्मात भेटला नव्हता तिला! शेजारणी येऊन बसल्या की हे दारातून इशारा द्यायचे, “जुन्या गोष्टी काढू नका बरं. लई बॅटरी खातात त्या.” आणि वीस झाले की आत्याचं वाक्य अर्ध्यात असलं तरी गोळी तिच्या हातातून काढून घ्यायची. आत्या डोळ्यांनी आग ओकायची. जाता जाता तिचं बोट जमेल तेवढ्या चपळाईनं ‘तुम्हाला सांगून काय उपयोग?’ दाबायचं, आणि माझा आवाज आतोबांच्या काखेतून स्वयंपाकघरापर्यंत ओरडत जायचा. तिचं बोलणं टिकावं म्हणून आतोबांनी ते जवळजवळ बंदच करत आणलं होतं, आणि हे त्यांच्या गावीही नव्हतं. मला तिची कणव यायची. आतोबांचा रागही यायचा, पण त्यांच्यावर रागावणं सोपं नाही, कारण आपण रागावलोय हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

एकदा मी ठरवूनच गेले, दोन शब्द सुनवायला. दुपारची वेळ, आत्या झोपली होती. आतोबा स्वयंपाकघरात स्टुलावर बसून गोळीच्या काचेवरचा टक्क्यांचा हिरवा आकडा चढताना बघत होते. माठातून एक थेंब खालच्या ताटलीत पडायचा, मग बऱ्याच वेळानं दुसरा. खिडकीतून आलेलं ऊन फरशीवरून इतकं हळू सरकत होतं की बघता बघता माझ्याही पापण्या जड झाल्या. मी काही बोलायच्या आत तेच बोलायला लागले, झोपेत बोलावं तसे.

“आमच्या बॅटरी रूममध्ये आवाज यायचा बघ. चार्जिंग भरत आलं की पाणी आतल्या आत बुडबुडायचं. लई बारीक. दुपारपाळीला मी एकटाच. रांगच्या रांग बुडबुडायची. मला वाटायचं, हिचं बोलणं चाललंय लांब कुठंतरी. घरी आलो की ही खरी बोलायची, आन् मला झोप. झोपेतच ऐकलं मी समदं. काय बोलली, काय नाय, एक अक्षर ध्यानात नाय.” त्यांनी गोळीवरचा रुमाल नीट केला. “आता जागा झालोय. आता ऐकायचंय, तर जपून नको का वापरायला?”

सुनवायला आणलेले दोन शब्द मी तसेच परत घेऊन आले.

गेल्या मे महिन्यात त्यांच्या गल्लीतली विजेची डीपी जळाली. सकाळी गेलेली लाईट दुपार झाली तरी येईना. घरात इन्व्हर्टर होता, पण ज्या माणसानं जन्मभर शेकडो बॅटऱ्यांना पाणी पाजलं त्यानं गोळीच्या नादात स्वतःच्या घरच्या इन्व्हर्टरला थेंबभर घातलं नव्हतं. तो केव्हाच कोरडा पडून वारला होता. आतोबांचा फोन आला, “पोरी, लवकर ये. गोळी तुझ्याकडं ने आन् चार्ज करून आण. विसाच्या खाली गेली. तुझी आत्या देईना.”

मी पोचले तेव्हा दार उघडंच होतं. खिडकीला ओला पंचा लावलेला होता आणि त्यातून गाळून आलेला उजेड खोलीभर संथ पसरला होता. पंखा थांबलेला, कूलर थांबलेला, गल्लीत चिटपाखरू नाही. आत्या उशीला टेकून बसली होती, गोळी तिच्या मांडीवर, आणि आतोबा पुढं हात करून उभे होते.

“दे ना. पाचावर आलीय. मरंल ती.”

आत्यानं खुर्चीचं चित्र दाबलं. “बसा इथं,” माझा आवाज म्हणाला.

“बसतो गं. आधी हिला धाडू दे. ही बघ, पोरगी आलीय न्यायला.”

“बसा इथं.”

“आगं, सारखं एकच दाबून संपंल की ती! मग काय बोलशील?”

“बसा इथं.”

दारात उभी राहून मी माझाच आवाज ऐकत होते. ते दोन शब्द मी किती सहज म्हटले होते त्या दुपारी, घरी जायची घाई असताना. त्यांत इतकी वर्षं साठलेली असतील हे मला कुठं माहीत होतं. आतोबांनी वळून माझ्याकडं पाहिलं, काय करू असं विचारल्यासारखं. माझ्या पर्समध्ये पॉवर बँक होती, भरलेली. त्या घडीला त्यांनी उष्ट्याचाही विचार केला नसता. मी पर्स उघडली नाही.

आतोबा लाल खुर्चीत बसले. अगदी कडेला आधी, मग पाठ टेकून. कपाळावरचा चष्मा काढून त्यांनी खिशात ठेवला, म्हणजे आता आकडा वाचायची सोय राहिली नाही. आत्यानं त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि बोट सरकवलं.

“कुठं लक्ष हाय तुमचं?”

“इथंच,” आतोबा म्हणाले.

काच एकदा उजळली आणि काळी झाली. मला वाटलं, आता उठतील. ते उठले नाहीत. आत्यानं गोळी बाजूला सारली, डावा हात त्यांच्या मनगटावर ठेवला आणि ओठ हलवले. आवाज नव्हताच. आतोबा पुढं झुकले, आणि त्यांच्या त्या तीन शब्दांत नसलेला एक शब्द, आधी ‘थोडक्यात’ न लावलेला, मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

“बोल,” ते म्हणाले.

मी दार हलकेच ओढून घेतलं आणि ओट्यावर कडुलिंबाच्या सावलीत येऊन बसले. त्यानंतर आत बरंच बोलणं झालं असणार, कारण लाईट आली तेव्हा ऊन ओट्यावरून पार उतरलं होतं आणि चार्जर शोधायला कुणी उठलं नव्हतं. काय बोलणं झालं ते मला सांगता यायचं नाही. माझा आवाज तेवढ्यापुरताच होता, तो संपला होता.